दुहेरी कडा

डिसेंबरात आमच्या बेटावर दिवस साडेतीनलाच मावळतो,
म्हणून खिडकीखिडकीत मेणबत्ती.
घरं लाकडाची, आगीचं भय पिढीजात,
तेव्हा हल्ली मेणबत्त्या खोट्या :
प्लास्टिकचं मेण, थरथरती पिवळी ज्योत,
बुडाशी झाकण, झाकणाआड चकती,
पाच सेंटच्या नाण्याएवढी, जराशी जाड.

केर्दलाच्या इस्पितळात क्ष-किरणाची रात्रपाळी माझी.
माझं नाव कुणाला ठाऊक नसतं.
मी "श्वास रोखा" म्हणणारी बाई.

उकुला आणलं तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं.
दोन वर्षांचा. हनुवटीवर लाळेची धार, रडणं घोगरं.
आई मारिका म्हणाली, नाणं असेल,
पाकीट सापडलं होतं त्याला.
नाणं काय, आपली वाट काढतं.
काढतंही, बहुतेकदा.

तेवढ्यात मोठ्या भावाने, सहा वर्षांच्या योसेपने,
अंगरख्यातून एक मेणबत्ती काढून
माझ्या टेबलावर उलटी ठेवली.
झाकण नव्हतं. आत काही नव्हतं.
"ही पेटत नाही," म्हणाला. "मी हलवून पाहिली."

पडद्यावर काळ्यात पांढरं उगवलं.
नाण्याची कडा एकेरी असते.
हिची दुहेरी,
चंद्राला खळं पडावं तशी,
गळ्याखाली, अन्ननलिका चिंचोळी होते तिथे अडकलेली.

ती फुटावी लागत नाही, गळावी लागत नाही.
दोन्ही अंगांना ओलं मांस लागलं की वीज वाहते
आणि लाळेचंच तेजाब होतं,
तुंबलेली मोरी मोकळी करणाऱ्या पुडीसारखं.
धूर नाही. उजेड नाही.
दोन तास पुष्कळ झाले.

"कधी?" मी विचारलं.
"कार्टून सुरू झालं तेव्हा."
म्हणजे पाच.

डॉक्टर काल्युला एका कानाने टाल्लिनशी बोलत होते,
दुसऱ्याने आमच्याशी.
हेलिकॉप्टर निघतंय, वारा पडला तर चाळीस मिनिटं.
उलटी काढायची नाही. बोट घालायचं नाही घशात.
पाणी नाही, दूध नाही, बिस्किटाचा तुकडाही नाही.
वर्ष उलटलंय ना पोराचं? मग मध.
दोन चमचे, दर दहा मिनिटांनी, फार तर सहादा,
आणि त्यापायी निघायला एक क्षण उशीर नको.
मध बरं करत नाही.
मध फक्त मध्ये उभा राहतो.

आमच्या कपाटातली बरणी थंडीने थिजलेली, रवाळ, पांढरी.
मी ती काखेत धरली, ताप मोजायला धरतात तशी.
मारिका चमच्याने खरवडत होती.
उकु चाटायचा, रडायचा, चाटायचा.
योसेपला नुकतंच घड्याळ कळायला लागलेलं.
"मोठा काटा आठवर," तो ओरडायचा,
"आता नऊच्या पुढे, आता दहावर, आई, दहावर!"

हेलिकॉप्टरात जागा दोघांचीच.
बाप फेरीबोटीवर, समुद्रात.
योसेप माझ्याजवळ राहिला, यंत्राच्या खोलीत,
भिंतीला पाठ लावून, गाल फुगवून.
बऱ्याच वेळाने लक्षात आलं माझ्या.
"सोड," म्हटलं. "तुला नाही रोखायचा. सोड."
तेव्हा रडला.

टाल्लिनला दुर्बिणीने काढली, पावणेआठला.
एक बाजू काळी पडलेली,
आणि जिथे ती टेकली होती तिथेही काळं.
काढली म्हणजे संपलं असं नसतं.
जखम आठवडेभर आतल्या आत चरत जाऊ शकते,
आणि पलीकडे, पातळ भिंतीआड, महाधमनी.
म्हणून नाकातून नळी, पुन्हा पुन्हा चित्रं,
रक्ताचा थेंब दिसला तरी धावायचं.
अजून तिथेच आहे उकु.
घोगरा, पण रागावतो म्हणे नर्सवर.

सकाळी घरी आले.
माझ्या खिडकीतल्या चौघींच्या झाकणांना
एकीलाही स्क्रू नव्हता, नखाने उघडली.
चकत्यांना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली,
बरणीत टाकल्या, बरणी वरच्या फळीवर.

संध्याकाळी शेजारीण म्हणाली, तुझ्याकडे अंधार कसा?
मग खरी पेटवली एक,
आणि विझेपर्यंत
तिच्यापासून हलले नाही.