तो, ती, ते

कॅम्पातल्या काचेच्या दुकानात
मुलीनं कागदाची पट्टी दोनदा हवेत झटकली,
म्हणाली, "मॅम, हे जरा बोल्ड आहे.
सगळ्यांना नाही झेपत."

पट्टी नाकाशी धरली.
मला झेपलं.
झेपणारच.

आधी धूर, ओल्या लाकडाचा, डोळ्यांत जाणारा.
मग केशराची एक कडवट काडी,
दुधात न घालता तशीच चावलेली.
आणि मग सावकाश,
बूट न काढता कुणी आत यावं तसा
चामड्याचा वास.

"लेडीज की जेंट्स?"
"दोन्ही मॅम, युनिसेक्स."
मराठीत तिघांचीही सोय आहे म्हणा:
तो वास, ती बाटली, ते अत्तर.
आमच्या घरात मात्र एवढं वेगवेगळं नव्हतं.

भवानी पेठेत, लाकडाच्या वखारींमागे,
दहा बाय बाराच्या खोलीत
दादा रेसकोर्सच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे.
रापीनं कापायचे, आरीनं भोक पाडायचे.
आई दोऱ्याला मेण लावून द्यायची
आणि लगामाची शिवण दातांनी ओढून बघायची.
तुटली तर वरचा माणूस जातो, म्हणायची,
आणि बोल आपल्याला लागतो.
दादांच्या मनगटाला आणि आईच्या पदराला
वास एकच.
त्याला कुणी बोल्ड म्हणत नव्हतं.

शाळेत बाकावरची मुलगी
आमच्या दोघींच्या मध्ये दप्तर ठेवायची.
भिंत नव्हे, दप्तरच.
पण पुरायचं.
मी लिंबू चोळायचे, कपड्याचा साबण चोळायचे,
एकदा तर रॉकेल.
कोपर सोलपटलं, वास राहिला.
आईनं ते पाहिलं, बोलली काहीच नाही.
दुसऱ्या दिवसापासून
माझी वेणी ती दोनदा हात धुऊन घालू लागली.

"सहा हजार आठशे, मॅम. पन्नास एमएल."
मी मनात हिशोब मांडला, ऑडिटरची सवय:
म्हणजे दादांची किती खोगिरं...
आणि मध्येच सोडला.
रागात बेरीज चुकते.

घेतलं.

आता सोमवारी लावते, शाखेच्या तपासणीला जाताना.
माझ्याआधी तो आत शिरतो.
मॅनेजर खुर्चीत सावरून बसतात,
त्यांनी मोगरा धरलेला असतो मनात, किंवा टाल्कम पावडर.
हा पाय फाकवून बसतो,
चहाला नको म्हणतो,
थेट मार्चची व्हाउचरं मागतो.
चारच्या सुमाराला मात्र जरा निवतो,
मनगटाच्या आतल्या बाजूला मऊ पडतो,
वाळलेल्या वादीला तेल पाजावं तसा.
ते फक्त मला कळतं.

माझा सुजय चोरून फवारतो, कॉलेजला जाताना.
परवा विचारत होता, "आई, हा मूळचा पुरुषांचा ना?"
म्हटलं, तुझ्या आजीचा.
हसला खूप. त्याला विनोद वाटला.

खोट म्हणाल तर आहे.
त्यात हिरडा नाही, बाभळीची साल नाही,
मेण अजिबातच नाही,
आणि श्रावणात खोगिरावरची बुरशी पुसताना
फडक्याला यायचा तो आंबूसपणा नाही.
कंपनीला कळवायला हवं एकदा.

काल कल्याणीनगरला, एका लिफ्टमध्ये,
सोनेरी चष्म्याच्या एक बाई,
हातात कुत्र्याचा पट्टा (रेग्झिनचा, मला कळतं)
चौथ्या मजल्यापर्यंत नुसत्याच हुंगत होत्या.
कुत्रा तर माझी पावलं सोडेना.
"सॉरी हं, पण काय लावलंय तुम्ही?"
"घरचंच आहे," मी म्हटलं.
"अय्या! ऑर्डर घेता?"

सातव्यावर दार उघडलं.
मी उतरले.
तो त्यांच्याबरोबर वर गेला.