गाठ

बेडग रोडच्या डेपोवर
हौसाक्का ओल्यातनं सुकं काढते.
भाजीचे देठ, चहाचा चोथा,
फुटकं लायटर, आज पुन्हा सुई.

पांढऱ्या डब्यात जायची ती
मिरजेतल्या कुठल्याशा वॉर्डातनं
केळीच्या सालींत बसून आली.

हातमोजा होता, पण एकच.
अंगठा पिळला, धुतला,
घरी जाऊन हळद दाबली,
सांगलीत हळदीला काय तोटा!

तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं विचारलं,
"कुणाची सुई?"
"नाव-गाव सांगायला
ती काय सोयरीक घेऊन आलती?"

डॉक्टर हसले नाहीत.
रक्त आज घेतलं,
पुन्हा तीन महिन्यांनी.

सिस्टरनं दंडावरचा कापूस
हळदीच्या रंगाच्या पिशवीत टाकला.
हौसाक्का उठता उठता थांबली,
"गाठ नीट मारा, बाई."