हाकेच्या पलीकडे

योक्मोकच्या वरच्या धावपट्टीवरून सकाळी चार विमानं सोडली.
उणे एकवीस. पापण्यांवर माझाच श्वास गोठलेला.
एकाच्याही पोटात माणूस नाही,
तरी राग्नवाल्ड सवयीने हात हलवत राहतो
शेवटचं शेपूट ढगात जाईपर्यंत.

चाचणी सत्तावन्न:
तिसऱ्याचा आवाज आम्ही बंद करायचा, इतरांना न सांगता.
केला.
अकरा सेकंद पडद्यावर काहीच नाही.
मग पहिल्याने जरा डावीकडे अंग सारलं,
दुसऱ्याने दरी घेतली, चौथ्याने नदीचा काठ.
वडिलांच्या होडीत कोणाचा हात कापला
की बाकीचे त्याच्या वाटचं जाळं
मुकाट्याने ओढत, तसं.

टाळ्या पडल्या. कोणीतरी केक आणला होता.
वाटणीचं ते सूत्र माझं, दोन हिवाळे खपून लिहिलेलं.
होडीत मात्र आधी हात बांधत,
मग जाळं.
इथे तिसरं कुठे गेलं म्हणून
एकानेही घिरटी घातली नाही.
तेही मीच लिहिलेलं.

दुपारी कुंपणापाशी हेइका.
आमच्या चाचणीपायी त्याचा कळप तीन दिवस पलीकडच्या रानात अडकलेला.
लाकडी पेल्यात कॉफी, कॉफीत चीजचा तुकडा,
पायाशी चाप्पे, एक कान फाटका.
टेकडीपल्याड तुझी हाक पोचत नाही,
तिथे हा काय करतो?
"त्याला वाटेल ते."
आणि चुकला तर?
हेइकाने उरलेली कॉफी बर्फावर ओतली,
भोक पडलेलं बघत राहिला.
"याच्या आईने एका नोव्हेंबरात चाळीस रेनडिअर
कोवळ्या बर्फावर घातले.
त्या तळ्याकडून मी अजून जात नाही."
कुत्रीला काय केलंस?
"कुत्रीला? खायला दिलं.
हाक माझी होती ना. पोचली नाही, एवढंच."

संध्याकाळी चारही उतरली, एका रांगेत, शहाण्यासारखी.
चाप्पे कामावरून आला की आधी हेइकाचं तोंड बघतो.
यांनी कोणाकडे बघायचं?

अहवालात एक रकाना असतो: निर्णय कोणाचा.
तिथे 'यंत्रणा' असं छापूनच येतं.
मी ते खोडलं, पुढे पेन्सिलीने लिहायला घेतलं.
राग्नवाल्ड दिवे मालवायला आला तेव्हा
तीनच अक्षरं झाली होती.
इंगेगर्ड सॉडरल्युंड.
नाव लांब आहे माझं,
आणि रकाना अरुंद.