एक अंश कमी

सावळजच्या पुढं, बेदाण्याच्या शेडवरची जाळी
वाऱ्यानं उडू नये म्हणून
जिच्या गळ्याला दोरी बांधली होती
ती व्हॉल्व्ह घासायची मशीन होती.
भूपालअण्णा म्हणाले, वजनावर ने.
ब्याऐंशी किलो भरली,
त्यात चकमध्ये कुंभारणीनं केलेलं मातीचं घर,
ते मी काट्यावरच खरवडून टाकलं.
अण्णा हसले, बत्तीस रुपये वाचवलेस की गं.

मिरजेत उतरवली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी विचारलं,
ही काय, पिठाची गिरण?
म्हटलं, हो. लोखंडाची.

रॉकेल कुठलं आता, डिझेलच.
परातीत बुडवलेला स्पिंडल
रोज सकाळी वळवून बघायचा,
दुखणेकऱ्याला कूस बदलवावी तसा.
अकराव्या दिवशी तो फिरला. पाव फेरा.
त्या दिवशी चहाचे पैसे मी कुणाला देऊ दिले नाहीत.

बेअरिंग कोल्हापुरात मिळालं,
पट्टा शिवणयंत्राचा बसला,
कॉलेट कुठंच नाही;
मोडक्या ॲक्सलमधून कातून घेतला,
तोही तिसऱ्यांदा जमला.

कोनाची पितळी पट्टी हिरवी पडलेली.
घासत गेले तसे आकडे वर आले,
तीस, चाळीस,
आणि चव्वेचाळिसावर एक वाकडा ओरखडा, कानशीचा.
तोही काढणार होते.
तेवढ्यात अम्मीचा फोन, भाकरी गार होतीय.
राहिला.

आम्ही शिकलगार.
अब्बा सांगायचे, आपल्या घराण्यात
तलवारी गेल्या, कात्र्या आल्या,
त्याही गेल्या, लॉऱ्या आल्या.
घासणं तेवढं राहिलं.

पहिला व्हॉल्व्ह अण्णांच्याच विहिरीवरचा,
काळ्या जुन्या इंजिनचा.
पंचेचाळीस लावले, पुस्तकात आहे तसे.
दगडावर दुधाळ पाणी, बारीक किरकिर,
आणि तोंडाशी चकाकी अशी
की त्यात माझं नाक दिसलं.
हेडमध्ये बसवला, पोर्टमध्ये डिझेल भरलं,
कुलूप लावून घरी गेले.
सकाळी फरशी ओली.
पुन्हा घासला. ओली.
चौथ्या दिवशी नुसता वास आला तरी कळलं.

शेजारचे इमामहुसेन
तंबोऱ्याची घोडी कानशीत धरून दारात उभे.
लाइट गेली होती त्यांच्याकडं.
ओल्या फरशीकडं बघून म्हणाले,
दोन्ही अंगं एकसारखी केलीस काय?
आमच्यात जवारी सपाट घासली
की तार मुकी.
केसभर उतार ठेवतो.
एवढं बोलून ते आपली लाइट आली का बघायला गेले.

मी अण्णांना फोन लावला.
मशीन कुणाची हो?
थोरल्या चुलत्याची, आदगोंडा मिस्त्री.
काही लिहून ठेवलंय का त्यांनी?
लिहून?
अगं, बँकेत अंगठा लावायचे ते.

संध्याकाळी दार लोटून घेतलं.
काटा ओरखड्यावर आणला.
तो तिथं आपणहून थांबल्यासारखा थांबला,
झिजलेली जागा होती तिथं,
वर्षानुवर्षं तेवढंच थांबल्याची.
घासला. निळा रंग लावून सीटवर फिरवला.
बाहेर काढला तर सबंध गोलाला
एकच रेघ, बांगडीच्या काठाएवढी,
कुठं तुटलेली नाही.

त्या रात्री झोप आली नाही, खोटं कशाला सांगू.
सकाळी दिवा न लावता
फरशीवरून तळहात फिरवला.
धूळ लागली.

अण्णांनी विहिरीवरून फोन केला.
काहीतरी ओरडून सांगत होते,
ऐकू आलं ते फक्त
डुग डुग डुग डुग.
मी बराच वेळ फोन ठेवला नाही.

दर गुरुवारी मशीन पुसते,
पितळेला ब्रासो लावते,
त्रेचाळिसापर्यंत,
मग बोट उचलून
पंचेचाळिसापासून पुढं.