दोनू

मेरेवालेसीकडे काठी नाही, रीळ नाही.
बिअरच्या जुन्या बाटलीला गुंडाळलेली जाड तंगूस,
टोकाला शिसं, आणि गळाला अर्धा बांगडा,
डोक्याकडचा. शेपटीकडचा आम्ही सकाळी खाल्ला.

"लागला की श्वाससुद्धा घ्यायचा नाही," ती सांगते.
"पहिल्या दोन वावांत तो माझा.
तिसऱ्यात कड्याखाली शिरला
की तो पोवळ्याचा. गळही पोवळ्याचा."

कंदावूच्या या बाजूला त्याला दोनू म्हणतात.
माझ्या कानाला त्या नावात दोन ऐकू येतात,
आणि हे फिजीत कुणाला समजावून सांगता येत नाही.

पण दोन आहेतच त्याच्यात.
आधी मादी. कित्येक वर्षं नुसती मादी,
लाल अंगावर निळे बारीक ठिपके,
शाईचं पेन झटकल्यासारखे.
मग कड्यावरचा मोठा नर कुणाच्या तरी बादलीत जातो
आणि उरलेल्यांतली थोरली
काही आठवड्यांत आतून घर बदलते.
बाहेरून काही दिसत नाही.
तीच भूक, तोच पहाटेचा दबा,
फटीत मासा लपला की डोकं खाली करून उभं राहणं
आणि अंग थरथरवत ऑक्टोपसला खुणावणं:
माझा हात पोचत नाही, तू घाल.

हे मी तिला होडीत बसून सांगितलं.
विलिकेसाला जाऊन तिसरं वर्ष, न्यूझीलंडला, किवीच्या बागेत.
पहिल्या वर्षी पैसे यायचे, दुसऱ्या वर्षी फोन.
मी काय सुचवतोय ते तिला लगेच कळलं.
"यमाहा मी आधीपासूनच ओढायचे," ती म्हणाली,
"तो फक्त पुढे बसायचा."

तेवढ्यात दोरी ताठ झाली.
एक वाव. दोन.
तिच्या तर्जनीच्या जुन्या चिरेतून पाणी उडालं,
आणि तो वर आला तोंड वासून,
एवढा मोठा की आधी आनंद झाला
आणि मग आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं,
आपण नक्की कुठल्या कड्यावर आहोत ते.

कारण पश्चिमेच्या कड्यावरचा असाच एक
आपेनिसाने वादळानंतरच्या वर्षी खाल्ला होता.
आधी मांजराला घातला. मांजर ठणठणीत.
रात्री त्याचे ओठ बधिर झाले,
आणि पुढचे दोन महिने गार पाणी त्याला पोळत राहिलं.
समुद्रात पाय घातला की भाजल्यासारखा ओरडायचा.
कोळ्याला समुद्र पोळावा,
याहून वाईट शाप त्या गावाला माहीत नाही.
चवीत काही नव्हतं, तो अजून सांगतो,
चव तर फारच छान होती.

हा पूर्वेचा होता.
सोमवारपासून बंदी, सप्टेंबर संपेपर्यंत,
म्हणून हा शेवटचा, म्हणून नारळ दोन जास्त फोडले.
लिंबू, मिरची, कांदा, आणि दाट दूध शेवटी,
उकळी न येऊ देता.
मांस पांढरं, बोट लावलं की पाकळ्या सुटणारं,
वास जवळजवळ नाहीच.
बाजूला उकडलेल्या अळकुड्या.

डोक्यावरून भांडण झालं.
मला त्याच्या कानातले खडे हवे होते,
वर्षाला एक वलय, भिंगाखाली मोजायला.
तिला डोकं अख्खं हवं होतं, कापलं तर रस जातो म्हणे.
अखेर ते पातेल्यात गेलं.
तिने गाल खाल्ले, डोळे खाल्ले,
कवटी चोखली, बराच वेळ,
आणि माझ्या तळहातावर थुंकली दोन खडे,
तांदळाच्या कण्यांएवढे, गरम.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर मी मोजत असताना
ती कपडे वाळत घालता घालता थांबली.
"किती?"
अकरा.
"त्यातली बाई म्हणून किती?"

मी पुन्हा भिंगात पाहिलं.
ते खड्यात लिहिलेलं नसतं, म्हणालो.

"बरं," ती म्हणाली,
आणि चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, पिळायला.