शुद्धिपत्र

पान त्रेचाळीस, ओळ सहा :
‘वेल्डिंग’ऐवजी ‘ब्रेझिंग’ वाचावे.

एवढ्यासाठी अरिंजय चौगुलेनं
शनिवार पेठेतल्या प्रेसवर मला तासभर बसवलं.
म्हणाला, मावशी, हे कुणाच्या ध्यानात येतंय?

आलंय ना पण.
उद्यमनगरातल्या दस्तगीर शिकलगारच्या.
प्रत मीच नेऊन दिली होती.
त्यानं हात पुसले, चष्मा शोधला,
स्वतःचं नाव असलेलं पान उभ्या उभ्या वाचलं :
‘चुकीचं लिवलंय की वो ताई तुमी.
वेल्डिंग मारलं असतं तर पट्टी तितंच तडकली असती.
पितळ भरलंय मी त्यात. बघा की.’

साडी जराशी वर घेतली. बघितलं.
गुडघ्याखाली चार बोटं,
लोखंडात पिवळी रेघ.
अकरा वर्षं पायात घालून फिरते
आणि आत्मचरित्र लिहिताना बघितली नाही.

तीन प्रकाशकांकडून हस्तलिखित परत आलं होतं.
पुण्याच्या एकांचं पत्र छान होतं :
‘अनुभव अस्सल आहेत, प्रेरणा कमी पडते.’
एकतीस वर्षं बँकेत कॅश काउंटरवर बसले,
नोट कमी पडली तर पदरची भरायची, हे माहीत होतं.
ही कुठून भरणार?
दुसऱ्यांना नाव हवं होतं ‘झेप’, मुखपृष्ठावर पक्षी.
मला हवा होता खटका,
कॅलिपरचा, गुडघ्यापाशी असतो तो.
उभं राहिलं की आपसूक खाली पडतो,
बसताना बोटानं वर ओढायचा.
थिएटरात अंधार झाल्यावर वाजला
की पुढची अख्खी रांग वळायची.

मग ग्रॅच्युइटी मोडली. तीनशे प्रती. ‘खटका’.

हॉल मिळाला तो पहिल्या मजल्यावर. एकोणीस पायऱ्या.
बँकेतली पोरं म्हणाली, उचलून नेतो की.
पोरं मायेची आहेत.
पण उचलल्यावर पायातली चप्पल निसटते
आणि खाली कुणीतरी ती हातात धरून मागनं येतं,
ते पान ऐंशीवर आहे.
प्रकाशन खालीच झालं, पार्किंगमध्ये.
पाहुणे बोलत असताना एकजण गाडी काढायला आला,
दोन मिनिटं ऐकलं त्यानं,
मग किक मारली.

आईनं पुस्तक उघडलंच नव्हतं.
‘घरातलं सगळं रस्त्यावर मांडलंस’, एवढंच.
आणि दिनकरदादाचा फोन :
पान एकसष्ट पुढच्या आवृत्तीत काढून टाक.
पुढची आवृत्ती काय दारात रिक्षा लावून उभी आहे?

एकसष्टवर शालनला बघायला आलेले पाहुणे आहेत.
मला मागच्या खोलीत बसवून
आईनं बाहेरून कडी लावली.
खटका वाजू नये म्हणून
पाय ताठ पसरून बसले, दोन तास,
कपबश्यांचा आवाज ऐकत.
समोर दोरीवर आईची हिरवी साडी.

चाळीस वर्षं आमच्या घरात
हे घडलेलं नव्हतं.

परवा रात्री मी पट्टे सोडत होते.
कातड्याला दिवसभराच्या घामाचा वास.
आतल्या अंधारातून आई म्हणाली,
‘हिरवी नव्हती ती.
अंजिरी होती.’

पट्टा तसाच हातात राहिला.
पलंग करकरला, आई भिंतीकडं वळली असावी.

सकाळीच प्रेस गाठली.
चौगुले, अजून एक ओळ घालायची आहे.

पान एकसष्ट, ओळ अकरा :
‘हिरवी’ऐवजी ‘अंजिरी’ वाचावे.

बाकी? अरिंजयनं विचारलं.
बाकी बरोबर आहे.

दोनशे बारा प्रती अजून घरातच, कॉटखाली.
मी चिठ्ठ्या कापतेय.
आई गॅसपाशी उभी राहून खळ शिजवतेय,
मघापासून दोनदा विचारून झालं,
पातळ झालीय का गं?