चार

मुतखड्यासाठी गेले होते.
खडा पाच मिलिमीटरचा, पाणी प्या, पडेल आपला, म्हणाले.
पण मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते,
तिच्यात, डाव्या अंगाला,
काहीतरी दिसलं. कुणी शोधत नसताना.

चिठ्ठीवर मी शेवंतव्वा झालेली.
घरी शेवंता. मतदार यादीत तिसरंच काही.
यंत्राच्या आतनं एक बाई म्हणाली, उसिरु हिडिदुकोळ्ळि,
तो श्वास मी मराठीत धरला की कानडीत
कुणास ठाऊक.
धरला, एवढं खरं.

वडगावात तीस वर्षं कांड्या भरते मी.
सुताला बोट लावलं की काउंट सांगते:
हा साठचा, हा ऐंशीचा,
हा व्यापाऱ्यानं फसवलेला.
म्हणून डॉक्टर हुक्केरी पडद्यावर बाण नेत म्हणाले,
पाणी म्हणजे शून्य धरा,
हाड वर, हजाराकडं, चरबी खाली, उणे शंभर,
तुमच्या गाठीचा आकडा आलाय चार,
तेव्हा मला फार समजवावं लागलं नाही.
घट्ट वीण असती तर भ्यायचं.
ही सैल, आत चरबी मुरलेली.
दहाच्या खाली म्हणजे गरीब गाय.

कडापण बघा किती स्वच्छ, ते म्हणाले, सरळ रेघ मारल्यासारखी.
खाली रस्त्यावर पाटीला कुणीतरी परत डांबर फासलेलं.
मी काही बोलले नाही.

तरी एवढ्यावर सुटका नाही.
गाठ गरीब आहे, पण गप्प आहे का?
रात्री अकराला एक बारकी गोळी,
सकाळी आठला रक्त,
आणि चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये.
खडेबाजारातल्या साडी दुकानाच्या पिशवीत घालून
कॅन मांडीवर घेऊन बसमधनं निघाले.
शेजारची म्हणाली, तेल काय गं ते?
होय म्हटलं. घाण्याचं.

गप्पच निघाली. परत यायचं कारण नाही, म्हणाले.
पोरानं रिपोर्ट वाचला, एका शब्दावर अडला,
मग म्हणाला, आई, सहज सापडलेली, असं लिहिलंय.

आता रहाट फिरवता फिरवता
डावा हात मधेच कमरेकडं जातो,
चुलीमागं मांजर निजलंय का बघावं, तसा.

खडा मात्र मंगळवारी पडला.
गल्ली गोळा केली मेल्यानं.